वरून गडद, खालून पांढरं

नोव्हेंबरात एमेट पिलार्स्कीच्या ट्रकसमोर हरिणी आली.
मांस त्याने गल्लीत वाटून टाकलं,
शेपटी मला आणून दिली,
वर्तमानपत्रात गुंडाळून, खडेमीठ चोळून.
मांजरीला मिळू नये म्हणून
सगळा हिवाळा ती गॅरेजात खिळ्याला टांगलेली.

आज मार्चची एकवीस. मेनॉमिनी नदी अजून गोठलेली,
मधोमध तेवढी एक काळी चीर.
तळघरात भट्टी घुरघुरते.
मी दिवा खाली ओढते, गळ पकडीत आवळते.

आधी दोरा. नुसता दोरा, उघड्या लोखंडावर,
वेढ्याला वेढा चिकटून,
नाहीतर वरचं सगळं भिंगरीसारखं फिरतं.
मग शिशाचे डोळे, चिमुकल्या डमरूसारखे,
फुलीच्या वेढ्यांनी करकचून.
त्यांच्या वजनाने ही मासोळी पाण्यात पालथी होईल,
गळाचं टोक आभाळाकडे करून पोहेल,
म्हणून खडकांत अडकणार नाही.
असं म्हणतात.
माझ्या निम्म्या मासोळ्या धरणाखालच्या खडकांतच राहतात.

"नेढ्याजवळ जागा ठेव," इर्मा कॉस्केला म्हणायची,
कागदाच्या गिरणीत, रात्रपाळीच्या सुट्टीत,
डब्याच्या झाकणावर पिसं पसरून.
"सगळी हौस पुढे येऊन दाटते
आणि शेवटच्या गाठीला जागा उरत नाही."
एकतीस वर्षं झाली.
अजून दर चौथ्या गळाला मी तीच चूक करते.
ब्लेड घेते, सगळं कापून काढते,
इर्माला एक शिवी हासडते,
पुन्हा पहिला वेढा.

शेपटी उलटी केली की पांढरे केस.
काड्यापेटीतल्या काडीएवढी जुडी, जास्त नको.
मुळाशी लव असते, ती विंचरून टाकायची;
राहिली तर पाणी पिते
आणि मासोळी ओल्या बोळ्यासारखी बुडते.
त्यावर चंदेरी जरीचे चार धागे.
गेल्या वर्षी दहा घातले होते,
लग्नाला निघाल्यासारखी दिसत होती.
एकही मासा फिरकला नाही.

आता शेपटीची वरची बाजू, तपकिरी.
इथे दरवेळी माझा हात थांबतो.
हरिणीची पाठ गडद, पोट पांढरं.
मासोळीची पाठ गडद, पोट पांढरं.
वरून बघणाऱ्याला तळ दिसावा,
खालून बघणाऱ्याला आभाळ.
रानात आणि पाण्यात एकच युक्ती,
आणि दोघींनाही पुरली नाही.
समोरून दिवे आले तर कुठला रंग कामाला येतो?

पाच वेढ्यांची गाठ. जागा उरली!
वर लेकीचं जुनं नेलपॉलिश, लाल,
तिने सोडून दिलेलं, अजून वाळलं नाही.

न्हाणीघरात टब भरून सोडून पाहिली.
डावीकडे झुकते.
ओढली की लंगडते, सोडली की नाक खाली घालते.
मांजर काठावर येऊन बसली,
तिच्या मागच्या पायांत काहीतरी सळसळलं.
नाही, सरळ करणार नाही.
धड पोहणाऱ्या मासोळ्या नदीत पुष्कळ आहेत,
जूनमध्ये पाणी निवळलं की थव्याने येतील,
आणि खडकाच्या सावलीतला तो लालडोळ्या बास
त्यांच्यातून नेमकी लंगडी निवडेल.

संध्याकाळपर्यंत सहा झाल्या.
एक एमेटला देऊन आले.
तो मासे धरत नाही, वाहत्या पाण्याला भितो.
"मी काय करू याचं?" म्हणाला.
बराच वेळ तळहातावर उलटीसुलटी केली.
अंगठ्याने तपकिरी केस एका बाजूला सारले, पांढरे पाहिले.
"तिचे?"
मी मान हलवली.
मग ट्रकचं दार उघडून
ऊन अडवायची झडप त्याने खाली ओढली
आणि तिच्या कापडात गळ टोचला,
जिथून समोरचा रस्ता दिसतो.